नुसतं ऐकायचे पैसे

४ मार्च

आत्या,

नमस्कार. फोनच केला असता, पण आमच्या घरात तुझा फोन म्हटला की बाबा स्पीकर लावायला सांगतात आणि मग आपल्या दोघींच्या मध्ये तेच बोलत बसतात. शिवाय तू दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेली. तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत फोन वाजायचा आणि कुणीतरी भिंतीत जायचं. म्हणून पत्र.

बातमी अशी की मी सुटले. परीक्षा झाली, प्रबंध झाला, नोंदणी झाली. तुझी भाची आता क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. तू लगेच विचारशील, म्हणजे डॉक्टर का गं? तर नाही. औषधं लिहून देणारे वेगळे. आम्ही माणसाच्या चाचण्या घेतो, त्याचं नेमकं कुठं अडलंय ते शोधतो आणि मग आठवड्यामागून आठवडे त्याच्यासमोर बसून ऐकतो, बोलतो, त्याची गाठ त्यालाच सोडवायला लावतो. हे सगळं मी बाबांना चारदा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "नुसतं ऐकायचे पैसे कोण देतं?"

आणि आता अट घातली आहे. वर्ष संपायच्या आत मला आपल्या दुकानातल्या मॅनेजरएवढा पगार मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर मी मुकाट्यानं फरशांच्या दुकानात काउंटरवर बसायचं. आईनं मध्यस्थी केली म्हणून वर्ष तरी मिळालं, नाहीतर ते सहा महिन्यांवर अडून बसले होते. बाबा वाईट नाहीत गं, पण त्यांच्या लेखी जी वस्तू उचलून गाडीत घालता येत नाही ती विकताच येत नाही.

मागच्या आठवड्यात पहिली मुलाखत झाली. चांगलं मोठं खासगी हॉस्पिटल, काचेचे दरवाजे, आत शिरताच थंड वारा. व्यवस्थापकांनी विचारलं, "तुमच्या अपेक्षा काय?" मला आकडाच सुचेना. आणि अशा वेळी जे शिकवलंय तेच तोंडातून निघालं. मी म्हणाले, "तुम्हाला या जागेकडून काय अपेक्षा आहे, ते आधी ऐकायला आवडेल." ते बोलू लागले. आधी हॉस्पिटलबद्दल, मग कामाच्या ताणाबद्दल, मग घराबद्दल. मी मान हलवत होते, मधूनच "मग?" म्हणत होते. तासाभरानं त्यांनी डोळे पुसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, इतकी छान मुलाखत मी आजवर कधी घेतली नाही.

ते काय बोलले ते तुला सांगणार नाही. पण पगाराचा विषयच निघाला नाही. खाली उतरून बसस्टॉपवर आले तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

तू आयुष्यभर लोकांकडून पैसे मागत आलीस. कसे मागायचे, सांग.

तुझी,
टकळी

(लहानपणी तूच हे नाव ठेवलंस. आता ऐकण्याचा धंदा करते म्हणून बदलून दे.)

---

१२ मार्च

टकळे,

नाव बदलणार नाही. तीन वर्षांची असताना माझ्या गाडीत मागे बसून तू इतकी बडबड करायचीस की एक शिकाऊ बाई सिग्नलला उतरून पायी घरी गेली होती. ते मी विसरलेले नाही.

पत्र वाचून मी कपाळाला हात लावला आणि मग इतकी हसले की समोर बसलेल्या शिकाऊ माणसाला वाटलं, आपल्यालाच हसताहेत. तू मुलाखत दिलीस की घेतलीस? एवढी शिकलीस आणि एक आकडा तोंडातून बाहेर पडेना?

ऐक. माझ्या ऑफिसात शिरलं की समोर भिंतीवर फी रंगवलेली आहे. हातभर उंच अक्षरं. माणूस खुर्चीत बसायच्या आधी त्याला ती दिसते. सुरुवातीला मीही लाजायची. लोक म्हणायचे, बाईमाणूस काय गाडी शिकवणार, म्हणून मी फी हळूच सांगायची, आणि ती जितकी हळू सांगायची तितकी लोक घासाघीस करायचे. मग एके दिवशी रंगारी बोलावला. तेव्हापासून भिंत बोलते आणि मी चहा पिते. तू काही कपाळावर रंगवून घेऊ शकत नाहीस, तेव्हा तुला एवढंच करायचंय. आकडा सांगायचा आणि तोंड मिटायचं. पुढं "म्हणजे", "तसं", "पण तुम्हाला जमेल तसं", यातलं काहीही जोडायचं नाही. समोरचा बोलेपर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. गप्प बसण्याचंच तर शिक्षण घेतलंयस ना? मग अवघड काय आहे?

दुसरं म्हणजे, आकडा सांगायच्या आधी तो काय असतो ते तरी शोध. तुझ्यासारख्यांना मिळतं किती? कुठं मिळतं? बाजारात न फिरता भाव सांगायला जाऊ नकोस.

तुझ्या बापाची अट मला आवडली नाही. पण तो माझा धाकटा भाऊ आहे आणि लहानपणापासून असाच आहे. एकदा बोलला की हटत नाही, मग स्वतःला पटलं नसलं तरी. तू त्याच्याशी भांडू नकोस, आकडा आण.

तुझी आत्या

---

२३ एप्रिल

आत्या,

बाजारात फिरून आले. आधी तेच सांगते, म्हणजे तुझा जीव शांत होईल.

सरकारी मनोरुग्णालयात पगार चांगला, नोकरी पक्की. पण जागा रिकाम्या असूनही भरत नाहीत. माझ्या दोन वर्षं पुढची एक सीनियर अजून जाहिरातीची वाट बघते आहे. शाळांमध्ये समुपदेशक हवे असतात, पण पगार बेताचा, आणि कुणी शिक्षक रजेवर गेला की त्याचा वर्ग आपल्या गळ्यात. खासगी हॉस्पिटलं बहुतेक ठिकाणी पगार देतच नाहीत, दर पेशंटमागे वाटा देतात. त्यातही पेशंट नाही आला तर आपण भिंतीकडे बघत फुकट बसायचं. स्वतःचं क्लिनिक काढलं तर दहा-बारा वर्षांनी बाबांच्या मॅनेजरला नोकरीवर ठेवता येईल म्हणतात, पण पहिली दोन वर्षं खोलीचं भाडंच कमवायचं. आणि सगळ्यात जास्त पैसे कुठं? मोबाइलवरून समुपदेशन करणाऱ्या कंपन्यांमध्ये. त्याबद्दल खाली.

काचेच्या दरवाज्यांचं हॉस्पिटल आठवतं ना? त्यांचं पत्र आलं, नोकरी देतो म्हणून. खाली लिहिलं होतं, "पगार चर्चेत ठरल्याप्रमाणे." चर्चा तर त्यांच्या घराची झाली होती, पगाराची नव्हे. तरी मी आनंदानं प्रबंधाला मार्गदर्शन केलेल्या आमच्या मॅडमकडे गेले. मॅडमनी पत्र वाचलं आणि विचारलं, "ते तुझ्यासमोर रडले ना? मग उद्या रजा मागायला त्यांच्या केबिनमध्ये गेलीस तर समोर साहेब असेल की पेशंट?" आमच्या धंद्यात हे चालत नाही, आत्या. ज्याचं मन एकदा आपल्यासमोर उघडलं त्याच्या हाताखाली पगार घ्यायचा नसतो. त्याला अवघड आणि आपल्यालाही. मी नकार कळवला आणि त्यांना ऐकून घेणाऱ्या एका चांगल्या माणसाचा पत्ता दिला. अशी नोकरी गमावणारी मीच पहिली असेन. इतकं छान ऐकलं की जागाच गेली.

मग दुसरी मुलाखत. लहानसं हॉस्पिटल, जुनी इमारत, पण पेशंट खरे आणि खूप. तिथं एक मोठे डॉक्टर आहेत, सगळं तेच बघतात. त्यांनी पगाराचं विचारलं आणि मी तुझी आठवण काढून आकडा सांगितला. बरोब्बर मॅनेजरएवढा. आणि तोंड मिटलं.

तेही गप्प. माझ्याकडे बघताहेत आणि गप्प. पेशंट दहा मिनिटं बोलला नाही तरी मी बसते, माझं काही बिघडत नाही. पण हे गप्प बसणं मला सोसवेना. मला वाटलं, यांना किती अवघड वाटतंय, हॉस्पिटल गरीब, तोंडावर नाही म्हणवत नसेल. मी म्हणाले, "थोडं कमी चालेल." ते गप्प. मी आणखी कमी केलं. मग म्हणाले, पहिले सहा महिने तर अर्ध्यातही करेन. तेव्हा त्यांनी तोंडातली खोकल्याची गोळी गालात सरकवली आणि म्हणाले, "माफ करा, घसा बसलाय, बोलता येत नव्हतं. अर्धा म्हणालात ना? ठीक आहे."

हसू नकोस. हसलीस तरी मला सांगू नकोस.

त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. दरम्यान त्या मोबाइल कंपनीचं बोलावणं आलं आणि तिथं मला तोंडच उघडावं लागलं नाही. त्यांनीच आकडा सांगितला, मॅनेजरच्या पगाराच्या सव्वापट. मी घरी बोलले, आणि बाबा आईला म्हणाले, "बघ, शेवटी कुणीतरी देतंय." इतके खूश मी त्यांना नवीन गोडाउन घेतलं तेव्हाही पाहिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिथं एक दिवस काम करून बघायला बोलावलंय.

तुझी,
टकळी

---

२ मे

टकळे,

हसले. गोळीवाल्या डॉक्टरचा किस्सा मी ऑफिसात वाचून दाखवला (तुझं नाव न सांगता) आणि आमचा गाडी शिकवणारा मुलगा अजून अधूनमधून "अर्ध्यातही करेन" म्हणून मला चिडवतो. बाई, समोरचा एक शब्द बोलला नाही आणि तू त्याच्या वतीनं स्वतःशीच घासाघीस करून हरलीस. हे तुझ्यासारख्या माणसालाच जमावं.

पण आता चिंता मिटली. तुझ्या बापानं फोनवर कंपनीचं सगळं सांगितलं. सव्वापट म्हणजे थट्टा नाही. बसल्या जागी काम, वर थंड हवा. डोळे मिटून हो म्हण. पैसा हातात असला की मान आपोआप ताठ होते, हे मी स्वतःवरून सांगते. पहिल्या पगारातून मला काही नको. तुझ्या आईला काहीतरी घे, तिनं बिचारीनं वर्ष मागून घेतलं होतं.

अभिनंदन. पेढे बिढे काही पाठवू नकोस, मला साखरेनं धरलंय.

तुझी आत्या

---

१० मे

आत्या,

तुझं पत्र मिळालं. एक दिवस काम करून आले. हो म्हणून कळवलं आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून रुजू. बाबा खूश आहेत. आईही.

काम असं आहे. एका वेळी समोर पडद्यावर चार माणसं असतात. चौघंही लिहीत असतात. आपण बाजूच्या यादीतलं तयार वाक्य निवडून पाठवायचं. वेळ संपत आली की आकडा लाल होतो. माझ्या एका चौकटीत कुणीतरी लिहिलं, "आज मी अंथरुणातून उठलोच नाही." मी विचारणार होते, कधीपासून. तेवढ्यात आकडा लाल झाला आणि चौकट बंद झाली. त्याच्या जागी दुसरी उघडली. पर्यवेक्षक म्हणाला, पहिल्या दिवसाच्या मानानं वेग चांगला आहे.

तू बरी आहेस ना.

टकळी

---

१९ मे

टकळे,

तुझं मागचं पत्र चार वेळा वाचलं. त्यात एकही विनोद नव्हता. जन्मल्यापासून एवढं कमी कधी बोलली नाहीस. मी "डोळे मिटून हो म्हण" असं लिहिलं होतं ते वाईट लिहिलं. गाडी चालवायला शिकवणारी बाई डोळे मिटायचा सल्ला देते, माझंच मला हसू आलं. पण हसू आलं तरी चैन पडेना.

आता झालेली गोष्ट सांगते. परवा तुझा बाप इथं आला. कुठल्याशा फरशांच्या कारखान्यात काम होतं म्हणाला, पण कारखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि हा सकाळीच माझ्या दारात. ऑफिसात शिकाऊ लोकांची गर्दी होती, म्हणून त्याला म्हटलं, चल गाडीत बसू. तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला. गाडी येत नाही त्याला, तुला माहीतच आहे. मी शेजारी, पाय सवयीनं ब्रेकवर. किल्ली माझ्या हातात.

त्यानं तुझं कौतुक सुरू केलं. कंपनी मोठी, पगार मोठा. नेहमीसारखी मी मध्ये बोलणार होते. पण तुझं पत्र डोक्यात होतं, म्हणून मी मिठाची गुळणी धरली. तो थांबला. मी म्हटलं, "मग?" आणि तो बोलायला लागला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बोलला. काय बोलला ते मी तुला लिहिणार नाही. तू हॉस्पिटलच्या माणसाचं सांगितलं नाहीस, मी माझ्या भावाचं का सांगू? एवढं लिहिते की त्यात फरशांचा विषय फारच थोडा होता.

तास भरला. बाहेर पुढची शिकाऊ मुलगी काचेवर टकटक करायला लागली. तो उतरला, रुमालानं तोंड पुसलं, आणि मी हात पुढं केला. म्हटलं, एका धड्याची फी.

"कसली फी? गाडी जागची हलली पण नाही."

"ऐकल्याची."

तुझा बाप माझ्याकडे बघत उभा राहिला. भिंतीवरची अक्षरं त्याला दिसत होती, मला काही बोलावं लागलं नाही. मग त्यानं पाकीट काढलं आणि पूर्ण फी दिली. सुट्टे परत द्यायला गेले तर म्हणाला, राहू दे ताई. आणि बसस्टँडकडे निघून गेला, कारखान्याकडे गेलाच नाही.

आता तू काय करायचं ते तुझं तू ठरव. कंपनीत जायचं तर जा, त्यात काही पाप नाही, चारही माणसांना थोडं थोडं बरं वाटत असेल. पण बापासाठी म्हणून जाऊ नकोस. ऐकायचे पैसे कोण देतं, असं म्हणायची त्याला आता सोय उरलेली नाही. आणि गोळीवाल्या डॉक्टरला उत्तर द्यायचं राहिलंय ना? आकडा परत सांगता येतो. माणसाचा घसा कायमचा बसत नाही.

तुझी आत्या

---

२७ जुलै

आत्या,

दोन महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. कामात बुडाले होते. हो, कामात. सगळं सांगते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी कंपनीला येत नाही म्हणून कळवलं. मग त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना वाटलं मी अर्ध्या पगारावर सही करायला आले आहे, त्यांनी कागदही काढून ठेवला होता. मी म्हणाले, "सर, मागच्या वेळी मी तुमच्या वतीनं माझ्याशीच भाव केला. माझा पगार मी पहिल्यांदा सांगितला तो आहे." आणि आकडा पुन्हा सांगितला.

ते गप्प बसले. यावेळी गोळी नव्हती, मी नीट बघून घेतलं. खरोखरचं गप्प बसणं होतं. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. मला दोनदा वाटलं, थोडं कमी करूया. मग मी स्वतःला विचारलं, हा अवघडलेपणा कुणाचा आहे? त्यांचा. त्यांना राहू दे त्यांच्यापाशी. पेशंटला आपण हेच तर शिकवतो.

शेवटी तेच बोलले. म्हणाले, एवढं हॉस्पिटलला झेपणार नाही, पाऊण देतो. मी म्हणाले, पाऊण घेते, पण पेशंट आला नाही म्हणून कापायचा नाही, आणि संध्याकाळी तुमची मागची खोली मला माझ्या पेशंटांसाठी द्यायची. त्यांनी विचारलं, भाडं? मी आकडा सांगितला आणि गप्प बसले. यावेळी त्यांनाच हसू आलं. म्हणाले, "तुम्ही गप्प बसलात की भीती वाटायला लागली आहे. घ्या खोली."

घरी सांगितलं, मॅनेजरच्या पाऊण पगाराची नोकरी घेतली. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचे हात थांबले. अट माहीत होती ना सगळ्यांना. मी म्हणाले, उरलेला पाव संध्याकाळच्या पेशंटांकडून येईल, वर्ष संपायला अजून वेळ आहे, आणि नाहीच आला तर बोलल्याप्रमाणे काउंटरवर बसेन. बाबांनी आईला कोशिंबीर पुढं करायला सांगितली. एवढंच.

हॉस्पिटलमधलं काम अवघड आहे आणि मला ते फार आवडतं. मला घरी परत यायला उशीर होतो, पाय दुखतात, चाचण्यांचे अहवाल लिहून बोटं आखडतात. पण समोर एक माणूस असतो, एका वेळी एकच, आणि "कधीपासून" असं विचारायला मला वेळ असतो. संध्याकाळच्या खोलीत पहिल्या महिन्यात दोघं आले, आता पाच जण येतात. पाव भरायला अजून चार तरी हवेत. रात्री झोपताना मी तेच मोजत असते, हे तुला खरं सांगते.

काल रविवार. बाबा म्हणाले, खोली दाखव. मी त्यांना घेऊन गेले. आधी त्यांनी सवयीनं फरशीवर टाच आपटून बघितली, दोन पोकळ निघाल्या. भिंतीला हात लावून ओल पाहिली. खिडकी उघडून बंद केली. मग पेशंटच्या खुर्चीत बसले आणि माझी खुर्ची कुठं असते विचारलं. मी माझ्या खुर्चीत बसले. आम्ही दोघं समोरासमोर. बाबा इतका वेळ काही न बोलता माझ्याकडे बघत बसलेले मी कधी पाहिले नाहीत. मला कसली घाई नव्हती.

"तासाची फी किती घेतेस?" त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. पुढं काही जोडलं नाही.

बाबांनी मान हलवली. उठले, शर्ट नीट केला, दारापर्यंत गेले आणि वळून, गिऱ्हाईकाशी बोलावं तसं म्हणाले, "कमी आहे. तुझी आत्या गाडी न हलवता याच्या दीडपट घेते."

आजपासून वाढवली.

तुझी,
टकळी